बारवरचा धर्मा

ज्या माणसाने बारा वर्षं समुद्रावर काढली त्याला भीती ठाऊक नसते, असं आमच्या मासेमारांच्या मांगेलआळीत एकमताने मानलं जाई. ज्याच्याकडे बोट दाखवून हे म्हटलं जाई, त्या धर्मा तामोरेला होडी लागायची. भर समुद्रात नव्हे. खाडीच्या तोंडाशी नांगर टाकून उभ्या असलेल्या होडीत पाय ठेवला तरी त्याचा चेहरा पालटे आणि 'जरा घरी जाऊन येतो' म्हणून तो उतरे. गावाने यावर विचार करून ठेवला होता. मोठ्या आगबोटीची सवय झालेल्या पायांना लहान होडी कशी मानवणार, असं गावाचं म्हणणं. एखाद्याला मोठेपणा द्यायचा ठरला की कारणं शोधावी लागत नाहीत.

तारापूरजवळच्या त्या गावात मी टपालमास्तर म्हणून गेलो तेव्हा धर्मा पन्नाशीला टेकला होता. टपालकचेरी म्हणजे एका घराची पडवी, आणि समोर बंदराच्या वाटेवर धर्माची चहाची टपरी. त्यामुळे नोकरीच्या वेळात मी टपालापेक्षा धर्माकडेच जास्त पाहिलं.

त्याच्या खांद्यावर घडी केलेलं पांढरं फडकं असे. बंदरावर, जिथे प्रत्येक वस्तूला सुक्या बोंबलाचा वास येतो, तिथे ते फडकं पांढरं कसं राही हे मला कधी उमगलं नाही. चहा ओतताना तो किटली हातभर वर नेई, धार बारीक करत खाली आणी आणि मनगटाच्या एका वळणात ती अशी मोडी की शेवटचा थेंब काठाला लागत नसे. प्रत्येक पेला आधी उजेडाकडे धरून पाही. पेला गिऱ्हाइकाच्या उजव्या हाताशी ठेवून विचारी, "आपलं नेहमीचंच ना?" मी पहिल्या दिवशी गेलो तेव्हाही त्याने हेच विचारलं होतं, आणि मला, का कोण जाणे, बरं वाटलं होतं.

तिसरा चहा तो कोणाला देत नसे. "पहिला पेला तहानेचा, दुसरा गप्पांचा. तिसरा मागंल त्याला घरची वाट दाखवावी," असं त्याचं सूत्र होतं. चहाच्या बाबतीत हे जरा कडक वाटे.

टपरीवर बसलेला माणूस मनातलं बोलू लागला की धर्मा एक पेला घेऊन पुसू लागे. पेला स्वच्छच असे. जाळ्यावरून भांडून आलेले दोन तांडेल एकदा त्याच्यापुढे आळीपाळीने तासभर बोलले आणि शेवटी एकत्र घरी गेले. त्या तासात धर्मा 'अस्सं' याखेरीज एक शब्द बोलला नव्हता. गावात पंच होते, पण लोक आधी धर्माकडे येत.

पण गावात त्याचा मान होता तो चहासाठी नव्हे. तो होता बारसाठी.

ही हकिगत मला पोशा तांडेलाने सांगितली. पोशा गावचा जुना जाणता, आवाज वाऱ्यावर ओरडून कमावलेला. धर्माचा थोरला भाऊ हरी वारला तेव्हा धर्मा मुंबईहून आफ्रिकेला जाणाऱ्या एका उतारूंच्या बोटीवर नोकरीला होता. बातमी लागल्यावर तो नोकरी सोडून आला. ओटीवर माणसं बसली होती. आत हरीची विधवा जनी, चार वर्षांच्या कुसुमला मांडीवर घेऊन. कोणीतरी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "धर्मा, बोटीवर तू कशावर होतास रं?"

धर्माने सांगितलं, "बारवर."

"आनि काम काय?"

"दारू माझ्या ताब्यात."

पोशा मला म्हणाला, "मास्तर, आमी एकमेकांकडं बघितलं. एवढी मोठी बोट, तिच्यावर तोफ असनारच. बंदर सोडताना बार काढावा लागतो. ती दारू कोनाच्या बी ताब्यात देतील का? आमचा धर्मा तोफेवर!"

धर्माने मान वर करून एकदा सगळ्यांकडे पाहिलं, एकदा आतल्या दाराकडे, आणि तो गप्प राहिला. आतल्या दाराशी जनी बसली होती, आणि हरी दारूने मेला होता. तेव्हा दारूबंदी होती. म्हणजे दारू होती, पण चांगली नव्हती. मोहाच्या दारूत नवसागर घालून कोणीतरी विकली, हरी आणि आणखी दोघे प्यायले. त्या दोघांचे डोळे गेले. हरी गेला.

अशा रीतीने धर्मा गावाचा गोलंदाज झाला. आमच्याकडे लग्नात शेवटच्या 'सावधान'बरोबर गरनाळ उडवतात. गरनाळ म्हणजे लोखंडी नळकांडं. त्यात दारू ठासायची, वात पेटवायची आणि लांब व्हायचं. त्या दिवसापासून गावातल्या प्रत्येक लग्नात बार काढण्याचा मान धर्माचा. त्याला मोठा आवाज अजिबात सोसत नसे. कानांत कापूस कोंबून, तोंड पूर्ण फिरवून, डोळे मिटून, हात जेवढा लांब जाईल तेवढा लांब करून तो वात पेटवी. बघणारे आदराने म्हणत, "शिकलेला मानूस! कान कसे राखतो बघा."

धर्मा कधी खोटं बोलला नाही, हे मी शपथेवर सांगेन. मराठी भाषेने त्याच्यावर तशी पाळीच आणली नाही.

मला खरं कळलं ते एका जमादारामुळे. बोईसरकडच्या पाड्यावर कुठे तरी धाड घालून तो परतत होता. पंचनाम्यासाठी घेतलेली बाटली टपरीच्या फळीवर ठेवून चहा प्यायला लागला. बूच नीट बसलेलं नव्हतं. धर्मा हातभर अंतरावर उभा होता. त्याने मान थोडी तिरकी केली आणि त्याचा चेहरा होडीत बसल्यासारखा झाला.

"जमादारसाहेब, ही मोहाची हाय. नवसागर घातलाय. जिथून आनली तिथं आनखी असंल तर आजच वतून टाका."

"तुला इतक्या लांबून कसं रे कळलं?"

"दारूची कामं केलीत मी."

"हां, तोफेची दारू," जमादार म्हणाला. "नवसागर तिच्यात पण घालतात का?"

धर्माने बाटली उचलून बूच दाबलं, ती जमादारापुढे ठेवली आणि तो पेला पुसू लागला. मी पडवीतून पाहत होतो. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मी टपालाच्या थैलीत डोकं घातलं. तोफखान्यातला माणूस बाटलीला अंगठ्याने आणि दोन बोटांनी गळ्याशी धरून, नाव लिहिलेली बाजू गिऱ्हाइकाकडे फिरवून ठेवत नाही. धर्माने ती जमादारापुढे तशी ठेवली होती. त्या बाटलीवर नाव नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

जनीवयनी धर्मापेक्षा वयाने लहान, पण थोरल्या भावाची बायको, म्हणून तो तिला 'वयनी' आणि 'तुमी' म्हणे. ती पहाटे पाटी घेऊन मासळी विकायला जाई, धर्मा टपरी सांभाळी, आणि कुसुम दोघांमध्ये वाढली. धर्माने लग्न केलं नाही. तो पडवीत झोपे आणि जनीच्या हातचं जेवे. हरी गेल्यापासून त्या घरात दारूचा थेंब आला नव्हता. लग्नकार्यात पितरांना दारूचा नैवेद्य दाखवायची आळीची रीत आहे. जनीने पितरांना नारळाचं पाणी दाखवायला सुरुवात केली. पितरांनी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

कुसुम एकोणीस वर्षांची झाली तेव्हा किनाऱ्यावर विजेच्या मोठ्या कारखान्याचं बांधकाम निघालं होतं. बोईसर स्टेशनावर गोरे साहेब उतरू लागले होते आणि आमच्या बाजूला रस्ता, नोकरी आणि 'साइट' असे तीन नवे शब्द आले होते. तिथल्या गोदामात कारकून असलेल्या एका मुलाचं स्थळ कुसुमला आलं. मुलगा सरळ होता. त्याचे वडील वामनराव जातीने मांगेलेच, पण पालघरला रेल्वेत नोकरी करून निवृत्त झालेले. त्यांनी आडनावाला इतका साबण लावला होता की समुद्राचा वास पार गेला होता.

सुपारी फुटली आणि महिन्याभराने वामनरावांचं पत्र आलं. गावातली पत्रं मीच वाचून दाखवत असे. टपरीवर पोशा बसला होता, जनी पाटी उतरवून उभी होती, धर्मा पेले विसळत होता. मी वाचलं: लग्न मुलीच्या दारी सकाळी, ते रीतीप्रमाणे होईल. मात्र साइटवरील साहेबांची वसाहत आपल्या गावास जवळ असल्याने त्याच दिवशी पाच वाजता लग्नाच्या मांडवातच रिसेप्शन ठेवावे. मुख्य साहेबांसह वीस जण येतील. 'तरी बारची व्यवस्था उत्तम असावी. यात कसूर झाल्यास आमची मान खाली जाईल.'

पोशाने मांडीवर थाप मारली. "बार? आवो, बारला आमच्याकडं काय तोटा? धर्मा हाय ना!"

"भावजी हायत," जनीही अभिमानाने म्हणाली. "लिवा त्यांना मास्तर, बारची काळजी नको."

"वीस साहेब," पोशा हिशेब करू लागला. "म्हंजे मानशी एक धरला तर वीस बार. दारू लई लागंल."

"लागू दे की," जनी म्हणाली. "एकच पोर हाय माझी."

धर्मा हातातला पेला पुसत होता. तो इतका वेळ पुसत राहिला की पोशाही शेवटी गप्प झाला.

ती दोघं गेल्यावर तो माझ्या पडवीच्या पायरीवर येऊन बसला. "मास्तर, तुमाला म्हाईत हाय."

"हो."

"कधीपासून?"

"जमादाराच्या बाटलीपासून."

त्याने मान हलवली. "वयनीला मी सांगनार होतो. पयल्या दिवशीच. पन ती दारात बसली होती. मंग वाटलं, वरसश्राद्ध होऊ दे. मंग पोर मोठी होऊ दे. असं करत पंधरा वरसं झाली. आता काय सांगू? तुमच्या दादल्याला ज्यानं मारलं, त्याचाच धंदा मी कडक कोट घालून करत होतो?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे एसटीने पालघरला गेलो. वामनराव झोपाळ्यावर बसले होते. धर्माने हात जोडून सरळ सांगितलं की मुलीचा बाप दारूने गेला, तिच्या आईच्या दारात बाटली येणार नाही.

"अहो, बाटली गुन्ह्याची नाही," वामनराव म्हणाले. "साहेबांची परमिटं आहेत. मी स्वतः आणतो. तुम्ही फक्त टेबल मांडा, पेले मांडा, वाढायला शहाणा माणूस द्या. मुलाच्या बढतीचा प्रश्न आहे."

"साहेब काय घेतात?"

"मला काय ठाऊक? साहेब घेतात ते."

"बाटली नको. बार मी देतो."

"बाटलीशिवाय बार? नवऱ्याशिवाय वरात काढतात का कधी?"

धर्मा शांतपणे म्हणाला, "आमच्या बोटीच्या कप्तानाला डॉक्टरानं बंदी केली होती. पन त्याला रोज उतारूंबरोबर बसावं लागे, आनि कोनाला कळायला नको होतं. दोन महिने मी त्याला बाटलीशिवाय पाजली. टेबलावर कोनाला कळलं नाय. नंतर नंतर कप्तानाला बी कळत नव्हतं."

वामनराव झोपाळा थांबवून त्याच्याकडे पाहत राहिले. हा माणूस तोफेवर होता असं त्यांनीही ऐकलं होतं. मग ते उठले. "हे बघा, मी बाटली आणत नाही. पण साहेबांपुढे शोभा झाली, एक जरी पाहुणा तोंड वाकडं करून उठला, तर मुलगी आमची झाली एवढंच. तिने पुन्हा त्या गावात पाऊल ठेवायचं नाही. तिच्या आईला हे आजच सांगून ठेवा."

धर्माने तिच्या आईला सांगितलं नाही. परतताना एसटीत तो फक्त एवढंच म्हणाला, "एकच पोर हाय तिची."

पुढचे तीन आठवडे संध्याकाळी टपरी बंद झाली की धर्मा प्रयोग करी आणि चव मी घेई. दोन घोट घ्यायचे, मग काय वाटलं ते सांगायचं. 'बरं आहे' म्हटलेलं त्याला चालत नसे. "बरं काय? जिभेवर बरं का घशात बरं?" नीरा त्याने पहिल्याच दिवशी बाद केली. "नीरा सकाळी साधू, दुपारी ताडी. आपलं काम पाचचं." शहाळ्याच्या पाण्याला मान होता, पण ते हातात धरून माणूस महत्त्वाचा दिसत नाही, असं त्याचं मत. शेवटी त्याने तीन पेयं ठरवली. एक, जाळलेल्या साखरेचा सोनेरी रंग, त्यात आल्याचा रस, सुंठ, मिरी आणि लिंबाची साल. दुसरं करवंदांचं, काळंतांबडं, लवंग घातलेलं. तिसरं कैरीचं, मीठ-जिरं लावून पांढऱ्या सोड्यात. "हातात रंग पायजे, घशात चटका पायजे," तो म्हणाला. "बाकीची नशा मानूस घरून घेऊन येतो."

बर्फ बंदरावर हवा तेवढा होता, पण तो मासळीचा. धर्माने पालघरहून वेगळी लादी भुशात गुंडाळून एसटीच्या टपावरून आणली. बोईसर स्टेशनासमोरच्या इराण्याकडून चाळीस काचेचे पेले मागून आणले आणि प्रत्येक पेला उन्हात धरून पाहिला. सहा परत पाठवले. "तडा नाय, पन मनात हाय," असं कारण त्याने दिलं. इराण्याने ते मान्य केलं.

लग्न सकाळी लागलं. धर्माने कानांत कापूस घालून, डोळे मिटून तीन बार काढले. उरलेले सतरा साहेब आल्यावर, असं पोशाने जाहीर केलं होतं. जेवणं झाली. साडेचारच्या सुमारास धर्मा घरात गेला आणि त्याने ट्रंक उघडली.

तो बाहेर आला तेव्हा मांडवात कोणी हाक मारली नाही, पण सगळे बोलायचे थांबले. पांढरा कोट, गळ्यापर्यंत पितळी बटणं, डाव्या हातावर घडी केलेलं फडकं. पंधरा वर्षं वाकून चहा देणारा माणूस ताठ चालत टेबलामागे गेला. त्याने पेल्यांची रांग एका नजरेत पाहिली आणि एक पेला बोटाने किंचित मागे सरकवला. मग साहेब आले. मुख्य साहेब पुढे झाले तसा धर्मा जरासा लवून असं इंग्रजी बोलला की मी थक्क झालो. त्याने काय विचारलं असेल ते मला पाठ होतं. साहेब हसले आणि म्हणाले, हो, नेहमीचंच.

काचेची सुरई हातभर वर गेली, सोनेरी धार खाली आली आणि मोडली. थेंब सांडला नाही.

पोशा माझ्या शेजारी होता. त्याच्या तोंडून, त्याच्या मानाने फार हळू, निघालं, "मास्तर, ह्येला बार म्हनतात?"

"हो."

"आनि दारू ताब्यात, म्हंजे..."

"हो, पोशाभाऊ."

पोशा उठला. मांडवामागे गेला आणि सतरा गरनाळींच्या वाती त्याने स्वतः काढून ठेवल्या. त्या दिवशी मला पोशा मोठा माणूस वाटला.

बायकांच्या बाजूला ते आधीच समजलं होतं. जनी नवं लुगडं सावरत मांडव ओलांडून सरळ टेबलापाशी आली. धर्माच्या हातात पेला होता. तो त्याने खाली ठेवला.

"भावजी, बोटीवर ह्येच होतं?"

"ह्येच."

"ह्यात हाय?"

"थेंब नाय. वास घ्या."

तिने वास घेतला नाही. "पंधरा वरसं माझ्या हातचं जेवलात."

"मी पाजली ती चांगली होती वयनी. नवसागराची नव्हती."

"चांगली पिनारा बी घरी कुनाचा तरी दादला असतोच की," जनी म्हणाली.

  मागे वामनराव उभे होते, समोर वीस साहेब. जनीने एकदा कुसुमकडे पाहिलं. मग टेबलावरचं भरलेलं तबक उचललं आणि ती स्वतः साहेबांच्या रांगेत फिरली. आयुष्यभर पाटी डोक्यावर वाहिलेल्या बाईच्या हातून एक पेलाही हलला नाही. तबक रिकामं करून तिने टेबलावर ठेवलं, धर्माकडे न पाहता.

रिसेप्शन वामनरावांच्या अपेक्षेपलीकडे गाजलं. साहेबांनी दुसऱ्यांदा पेले मागितले. एकाने गाणं म्हटलं. खुद्द वामनराव सोनेरी पेयाचे तीन पेले प्याले, त्यांचे डोळे पाणावले, जीभ जड झाली, आणि आपण मूळचे ह्याच पाण्याचे, असं सांगत त्यांनी पोशाच्या गळ्यात हात टाकला. त्यांना घरी कोणी सोडायचं यावर थोडी चर्चा झाली. आलं काही जणांना चढतं. कुसुम त्यानंतर प्रत्येक सणाला माहेरी आली. मुलाला बढती मिळाली नाही, पण त्याचा कोणाला राग आला नाही.

जनी मात्र धर्माशी बोलेनाशी झाली. ताट पूर्वीसारखंच वेळेवर पडवीत येई, झाकलेलं, गरम. पण ते ठेवून ती आत जाई. धर्माने पांढरा कोट पुन्हा ट्रंकेत घातला आणि खांद्यावरचं फडकंही टाकायचं सोडलं. लोक अजून त्याच्यापुढे मनातलं बोलत. तो पेला न पुसता ऐके. तेवढ्याने त्याचं वय वाढल्यासारखं दिसे. लग्नात गरनाळी आता पोशाचा पुतण्या उडवू लागला होता. धर्मा मांडवात पाहुण्यासारखा बसे. एकदा मी म्हटलं, "बोल तिच्याशी." तो म्हणाला, "मास्तर, गिऱ्हाईक गप्प असलं की आपन बोलू नये."

असं वर्षभर चाललं. पुढच्या पावसाळ्यात त्याची छाती भरली आणि त्याला पडवीतून आत घरात हलवलं. पालघरहून डॉक्टर आले, तपासलं, पडवीत येऊन आम्हाला म्हणाले की फार आशा नाही. गोळ्या दिल्या. जाता जाता सहज म्हणाले, "ब्रँडी मिळाली तर चमचाभर देत जा, ऊब येईल. पण परमिटाशिवाय मिळायची नाही."

जनी दारात उभी होती. दुसऱ्या दिवशी तिने पाटी उचलली नाही. भर पावसात एसटी धरून ती पालघरला गेली. तिथे कोणाकोणाच्या दारात उभी राहिली, कोणत्या औषधाच्या दुकानात काय सांगितलं, हे तिने कधी सांगितलं नाही. दुपारी परतली तेव्हा पदराखाली कागदात गुंडाळलेली तपकिरी बाटली होती. मी धर्माच्या उशाशी बसलो होतो.

ती उंबऱ्याशी थांबली आणि मग बाटली घेऊन आत आली. पंधरा-सोळा वर्षांत त्या घरात जे आलं नव्हतं ते तिने स्वतःच्या हाताने आणलं होतं. बूच काढलं. काचेचा एक लहान पेला घेतला आणि, मी पाहिलं, तो खिडकीच्या उजेडाकडे धरला. मग ओतू लागली. धार काठावरून ओघळत होती.

"वयनी," धर्मा म्हणाला. वर्षभरात प्रथमच. "हात उचला. घाबरू नका. वरून सोडा."

तिने हात उचलला.

"आता मोडा."

धार मोडली. थोडं सांडलं. तिने त्याच्या मानेखाली हात घालून पेला ओठांशी नेला. पेला नाकाजवळ आला तसा तो किंचित थांबला, तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि मग डोळे मिटून, घाई न करता, सगळं प्याला.

"उंची माल हाय," तो म्हणाला. "कुठून मिळवलात?"

"गप पडा आता," जनी म्हणाली. "बोलू नका." आणि नंतर, पदराने त्याचं तोंड पुसत, "बरं वाटतं का?"

"लई."

दिवसातून तीनदा ती ओतत असे. चौथ्या दिवशी तिची धार बरीच सुधारली होती. धर्माने तसं तिला सांगितलं. पाचव्या दिवशी सकाळी तो गेला.

तेरावं झाल्यावर जनी टपालकचेरीत आली आणि पदराखालून बाटली काढून माझ्या टेबलावर ठेवली. निम्मी उरली होती. "मास्तर, ही तुमीच कुठं तरी वता. घरात नको आता. त्यांच्यासाठी होती."

ती गेल्यावर मी बाटली उजेडाकडे धरली. तिच्यावरची चिठ्ठी इंग्रजीत होती. लहान मुलांच्या डांग्या खोकल्याचं औषध. वापरण्यापूर्वी बाटली हलवावी.